चढली नाहीये, शुगर उतरलीये

पहाटे चारला मला जाग आली ती ह्यांच्या बनियनमुळे. हात लागला तर ओलंगार, पिळून काढावं इतकं, खाली चादरीवरही ओला डाग, आणि महिना जानेवारीचा, इंदूरची थंडी, दोघांवर जाड रजई. हाक मारली तर जीभ जड, डोळे अर्धे उघडे, "मोटर बंद कर, मोटर बंद कर" एवढंच पुटपुटले. तोंडाला वास होताच. आदल्या दिवशी पुतण्याचा साखरपुडा झालेला (नाव बघा कसं, साखरपुडा!) आणि रात्री दीर, भाचेजावई, दोन जुने मित्र असे सगळे गच्चीवर बसलेले. मी मनात म्हटलं चढलीये, झोपू दे. कूस बदललीही होती. पण दारूने माणसाला एवढा घाम सुटतो का, हे कुठेतरी खुपत राहिलं म्हणून उठून कपाटातलं शुगर तपासायचं मशीन काढलं, बोट टोचलं. 46.

आता सांगते कोण मी. तीस वर्षं शाळेत बायोलॉजी शिकवली, फळ्यावर लिव्हरचं चित्र इतक्या वेळा काढलंय की डोळे मिटून काढीन, लिव्हर साखर साठवतं हे दरवर्षी पोरांकडून पाठ करून घेतलं, आणि घरात बारा वर्षांचा डायबिटीस असलेला माणूस आणि त्याचा शनिवारचा पेग ह्या दोन गोष्टी मी कधी एकत्र ठेवून बघितल्याच नाहीत. त्या रात्रीनंतर वाचलं, डॉक्टरांना विचारून विचारून भंडावलं, आणि जे कळलं ते आपल्या भाषेत लिहितेय. मी डॉक्टर नाही, तुमच्या गोळ्यांचा डोस तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा.

आणि हे प्यायला प्रोत्साहन वगैरे अजिबात नाही हां. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये सरळच सांगितलंय की दारूचं असं कुठलंही प्रमाण नाही जे तब्येतीला पूर्ण सुरक्षित म्हणता येईल, तेव्हा जो पीत नाही त्याने 'रेड वाइन हार्टला चांगली' असलं काही ऐकून सुरू करायचं काहीच कारण नाही. पण आपल्याकडे 2023 च्याच आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) मोठ्या अभ्यासाप्रमाणे दहा कोटींवर लोकांना डायबिटीस आहे, आणि त्यातले सगळे काही सोवळे बटू नाहीत. जे पितात ते डॉक्टरांना "ऑकेजनली" म्हणून सांगतात आणि घरी येऊन ऑकेजन शोधतात. त्यांच्यासाठी, आणि जास्त करून त्यांच्या घरच्यांसाठी हे आहे.

आपला सगळ्यांचा समज काय, तर डायबिटीसमध्ये दारू प्यायली की शुगर वाढते. आणि पिणाऱ्यांचा समज काय, तर व्हिस्कीत साखर नसतेच मुळी म्हणून ती चालते, बियर नको. दोन्ही अर्धे खरे आहेत आणि दोन्हीचा उरलेला अर्धा भाग धोक्याचा आहे. व्हिस्की, रम, व्होडका ह्यात साखर नसते हे खरंय. पण तिच्यात जे ओतता त्यात असते, 250 मिलीच्या साध्या कोल्ड्रिंकमध्ये पाच-सहा चमचे साखर, टॉनिक वॉटर कडसर लागतं म्हणून लोकांना वाटतं त्यात नसेल, त्यातही असते. समोर ताटलीत शेव, तळलेले शेंगदाणे, समोसे. मग रात्री अकराला तपासलं तर 210, 230 येणारच. ही झाली रात्रीची पहिली पाळी. दुसरी पाळी सुरू होते सगळे झोपल्यावर, आणि तिथे शुगर खाली जाते, आणि ती बघायला कोणी जागं नसतं.

खाली का जाते? ह्यांनी त्या रात्री मोटर मोटर केलं ना, त्यावरूनच समजावते. इंदूरकरांना पाण्याचं सांगावं लागत नाही. नर्मदेचं पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून जवळजवळ 70 किलोमीटर लांबून, घाट चढवून आपल्याकडे येतं, आणि आपल्या कॉलनीत एक दिवस आड सुटतं, म्हणून प्रत्येक घरात गच्चीवर टाकी. नळ आला की टाकी भरायची, नसेल तेव्हा टाकीवर काढायचं. शरीरात अगदी हीच व्यवस्था आहे. आपण झोपलो तरी मेंदूला साखर लागतेच, चोवीस तास, आणि रात्री तर आपण खात नाही, मग ती पुरवतं लिव्हर. त्याच्याकडे एक टाकी आहे, म्हणजे साठवलेली साखर, ग्लायकोजन म्हणतात त्याला, साधारण शंभर ग्रॅमच्या आसपास. आणि शिवाय एक नर्मदा लाइन आहे, म्हणजे प्रोटीनचे तुकडे, लॅक्टेट असलं काही-बाही वापरून लिव्हर नवीन साखर बनवतं. टाकी अर्धी झाली तरी लाइन चालू असली की घर चालतं.

दारू पोटात गेली की लिव्हर बाकीची कामं बाजूला ठेवतं. दारू शरीराला साठवता येत नाही, ती विष म्हणून आधी निकालात काढावी लागते, आणि ती काढताना लिव्हरच्या पेशीत केमिकल बॅलन्स असा काही बिघडतो की नवीन साखर बनवायचं काम ठप्प होतं. लाइन बंद. आता घर फक्त टाकीवर. टाकी भरलेली असेल, म्हणजे माणूस नीट जेवलेला असेल, तर रात्र निघून जाते, निरोगी माणसाची तर सहज निघते. पण जेवण झालंच नसेल, किंवा वरातीत दोन तास नाचून टाकी आधीच रिकामी केली असेल, तर पहाटे नळाला फक्त हवा येते, फुस्स फुस्स. आणि त्यात घरातला कोणी नळ उघडा सोडून गेला असेल तर? त्या उघड्या नळाचं नाव पुढे सांगते, आधी हिशोब.

कारण लाइन किती तास बंद राहणार हे मोजता येतं, आणि ते मोजून बघितलं तेव्हा मला खरंच गार पडल्यासारखं झालं. आपल्याकडची व्हिस्की असते 42.8 टक्के. तिचा छोटा पेग, 30 मिली, म्हणजे साधारण 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. मोठा 60 मिली, 20 ग्रॅम. पटियाला ज्याच्या त्याच्या हातावर आहे त्यामुळे त्याचं काही बोलतच नाही. साधारण माणसाचं लिव्हर तासाला सात ते दहा ग्रॅम काढतं, आणि त्याला घाई करवता येत नाही, लिंबू, ताक, ब्लॅक कॉफी, गार पाण्याची आंघोळ, कशानेही नाही. आमच्या ह्यांनी तीन मोठे घेतले होते (सांगताना "दोनच" होते, बाटलीने खरं सांगितलं), म्हणजे 60 ग्रॅम, म्हणजे सहा ते साडेआठ तास. बैठक सुरू झाली साडेआठला. जोडा. अडीच ते पाच. आणि मी उठले चारला.

बियरवाल्यांनी हसू नये. 650 मिलीची बाटली, पाच टक्केवाली, ती जवळजवळ अडीच छोटे पेग. आणि स्ट्राँग म्हणून जी आठ टक्क्यांची येते तिची एक बाटली म्हणजे चार छोटे पेग, वर पंधरा-वीस ग्रॅम कार्ब्ज वेगळे. "आज फक्त बियर घेतली" हे वाक्य मी आयुष्यात इतकं ऐकलंय, आणि त्यातला 'फक्त' चार पेगचा असतो हे मला निवृत्त झाल्यावर कळावं!

आता तो उघडा नळ. डायबिटीसच्या सगळ्या गोळ्या सारख्या नसतात, आणि आपल्या लोकांना आपल्या गोळीचं फक्त रंग आणि किंमत माहीत असते. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात नाव असतं ते चष्मा लावून वाचा. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड, ह्यातलं काही असेल तर ही गोळी पॅनक्रियाजला (स्वादुपिंडाला) सांगते इन्सुलिन सोड. तुम्ही जेवलात की नाही हे ती विचारत नाही. सोड म्हणजे सोड. इन्सुलिनचं इंजेक्शन घेणाऱ्यांचं तर सरळच आहे. आणि इन्सुलिन दोन कामं करतं, रक्तातली साखर पेशींत ढकलतं आणि लिव्हरलाही सांगतं की बाहेर साखर सोडू नकोस. म्हणजे वरून लाइन बंद, टाकीचा व्हॉल्व्ह अर्धा आवळलेला, आणि खाली नळ सुरू. ह्यांनी रात्रीची ग्लिमेपिराइडची गोळी नेहमीप्रमाणे आठला घेतली, घड्याळ लावून, त्या बाबतीत फार शिस्तीचे. जेवण नेहमी सव्वाआठला असतं. त्या दिवशी सव्वाआठला खुर्च्या गच्चीवर गेल्या आणि ताट आलं साडेबाराला, आणि तेव्हा "पोट भरलंय गं" म्हणून दोन घास भात. गोळी, पेग आणि जेवण ह्या तिघांची वेळ चुकली, बस, एवढंच झालं. एरवी तीच गोळी, तेवढीच दारू आधीही झाली होती आणि काही झालं नव्हतं, म्हणून तर कोणाला भीती नव्हती.

इथे एक चूक माझ्या माहितीत दोन घरांत झालीये ती सांगते. रात्री अकरा-बाराला, दारू प्यायल्यावर, हौसेने मशीन लावून बघायचं, 230 दिसलं की घाबरून एक गोळी एक्स्ट्रा किंवा चार युनिट जास्त टोचायचे. नका करू हो. तो आकडा कोल्ड्रिंकचा आणि समोशाचा आहे, पुढच्या सहा तासांत तो कुठे जाणार हे लिव्हर ठरवणार आहे आणि लिव्हर कामात आहे. उलट 'आज प्यायची आहे म्हणून गोळीच नको' हेही स्वतःच्या मनाने नको. पार्टीच्या दिवशी कुठली गोळी कधी, कमी करायची का, हे आधी, शुद्धीत असताना, डॉक्टरांना विचारून ठेवायचं. आमच्या डॉक्टरांनी ह्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न केला, "काका, पाच वर्षांत हे सांगितलं का नाही?" काका भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसले.

बाकीच्या औषधांबद्दलही थोडं. नुसती मेटफॉर्मिन असेल तर ती एकटी सहसा शुगर धोक्याइतकी खाली नेत नाही, सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन ह्या 'ग्लिप्टिन'वाल्याही तशाच, पण उपाशीपोटी भरपूर प्यायली तर गोळी कुठलीही असो शुगर पडू शकते. मेटफॉर्मिनचं दुखणं वेगळं आहे, खूप प्यायल्यावर, त्यात किडनी किंवा लिव्हर कमजोर असेल तर, रक्तात लॅक्टिक ॲसिड साचू शकतं, क्वचित होतं पण झालं तर गंभीर. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, शेवटी 'फ्लोझिन' असलेली जी गोळी लघवीतून साखर बाहेर काढते, ती आता खूप लोकांना असते. ह्या गोळीवर असताना भरपूर पिणं, न जेवणं आणि उलट्या हे तिन्ही एकत्र आलं तर रक्तात कीटोन (शरीर चरबी जाळतं तेव्हा तयार होतात ते) वाढून ॲसिड होऊ शकतं, आणि फसवणूक अशी की मशीनवर शुगर बऱ्यापैकी नॉर्मल दिसते. दुसऱ्या दिवशी माणूस ओकतोय, पोट दुखतंय, धाप लागल्यासारखा श्वास घेतोय, आणि घरचे म्हणतात हँगओव्हर आहे, शुगर तर ठीक आहे. हा हँगओव्हर नसू शकतो, दवाखान्यात न्या आणि गोळीचं नाव सांगा.

आणि व्होग्लिबोस किंवा अकार्बोस. ही आपल्याकडे कॉम्बिनेशन गोळीत लपून असते, एकाच गोळीत तीन औषधं, आणि तिचा एक उपद्व्याप मला स्वतःला माहीत नव्हता. ती आतड्यात साखर फोडू देत नाही, तेच तिचं काम. मग शुगर पडल्यावर तुम्ही घरातली साखर चारली तर ती साखरसुद्धा लवकर फुटत नाही! अशा माणसाला ग्लुकोज पावडरच लागते, केमिस्टकडे मिळते ती, ती आधीच फुटलेली असते. म्हणून माझं म्हणणं, गोळी कुठलीही असो, साखरेच्या डब्यावर विसंबू नका, ग्लुकोजचा डबा आणून ठेवा, शंभर रुपयांचंही काम नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसले. शुगर पडलेला माणूस आणि प्यायलेला माणूस दिसायला एकसारखे असतात. जीभ अडखळते, पाय लटपटतात, काहीच्या काही बोलतो, चिडतो, रडतो, गुंगतो. त्यात तोंडाला वास. मग सगळ्या जगाचं एकच निदान, चढलीये, झोपू द्या त्याला. मित्र तेच म्हणतात, बायको तेच म्हणते (मी म्हटलं ना), रस्त्यावर गाडीत सापडला तर पोलीसही तेच म्हणणार. थोडे फरक आहेत, घाम, थंडगार चिकट घाम हा मोठा, हात थरथरणं, छातीत धडधड, अचानक भूक. पण मेटोप्रोलोलसारखी बीपीची गोळी चालू असेल तर थरथर आणि धडधड दबून जाते, घाम तेवढा राहतो. आणि बरीच वर्षं डायबिटीस असेल तर काहींना खुणा कळेनाशाच होतात. तेव्हा अंदाज लावत बसू नये, बोट टोचावं, दहा सेकंदांचं काम. 70 च्या खाली म्हणजे पडली, 54 च्या खाली म्हणजे गंभीर. मशीन नसेल आणि शंका असेल तर ग्लुकोज देऊनच टाका, चुकून जास्त झाली तर एका रात्रीने काही बिघडत नाही, पण पडलेली तशीच राहिली तर मेंदूवर बेतते.

गिळू शकत असेल तर 15 ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे तीन-चार चमचे, अर्ध्या ग्लास पाण्यात. पंधरा मिनिटं थांबायचं, परत बघायचं, 70 च्या वर नसेल तर परत तेवढंच. मी त्या रात्री काय केलं, तर घाबरून आधी साखरपुड्याचे पेढे पुढे केले. पेढा, जिलबी, चॉकलेट ह्यात तूप, मावा नाहीतर दुसरी चरबी असते, त्यामुळे साखर रक्तात हळू पोचते, पहिल्या घटकेला ते नको. नशीब ह्यांच्या गोळीत व्होग्लिबोस नव्हतं, मग साखरेचं पाणी पाजलं, चमच्याने, भिंतीला टेकवून बसवून, अर्धं गळ्यावर सांडलं, आणि पंधरा मिनिटांनी 71, अर्ध्या तासाने 94, तेव्हा कुठे ह्यांनी डोळे उघडून विचारलं की मी असा ओला का. कोणी म्हणेल लिंबूपाणी द्या, उतारा पडतो. मीठ घातलेलं बिनसाखरेचं लिंबूपाणी म्हणजे शून्य. डाएट कोल्ड्रिंक म्हणजे पण शून्य, इथे साधंच लागतं.

शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही, श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवायचं आणि 108 ला फोन. ॲम्ब्युलन्सवाल्यांना पहिल्या वाक्यात सांगा की डायबिटीस आहे, अमुक गोळी घेतो, दारू घेतलीये. दारू लपवू नका, अब्रू नंतर बघू. एक मुद्दाम सांगण्यासारखं, शुगर पडल्यावर ग्लुकॅगॉन नावाचं एक इंजेक्शन देतात, ते लिव्हरला सांगतं टाकी उघड, पण दारूच्या रात्री टाकीतच खडखडाट असेल तर ते नीट काम करत नाही, सलाइनमधूनच ग्लुकोज द्यावं लागतं.

आणि 94 आली म्हणजे संपलं असं नाही. लाइन अजून बंदच आहे, आणि ग्लिमेपिराइडसारखी गोळी जवळजवळ दिवसभर काम करत राहते. म्हणून लगेच काहीतरी टिकणारं खायला द्यायचं, दूध-बिस्कीट, पोळी, ब्रेड, आणि मग तासा-तासाने बघत राहायचं. दारूनंतर शुगर पडायचा धोका चोवीस तासांपर्यंत राहू शकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी 'कालचं उतरवायला' म्हणून उपाशीपोटी तास-दीड तास चालायला जाणारे शूर लोक आहेत आपल्यात, त्यांनी हे वाक्य परत वाचावं. सकाळी पोहे खा, शेव-जीरावण घालून खा, पण खा, आणि मग जा.

खाण्यावरून आठवलं. ह्या बाबतीत इंदूरसारखं दुसरं गाव नाही, आणि म्हणूनच इथला प्याला जरा गोंधळाचा. आपल्याकडे दारूबरोबर शेव असते, शेव म्हणजे जेवण नाही, शंभर ग्रॅम शेवेत साडेपाचशेच्या आसपास कॅलरी, तेल आणि मीठ. ती पोटही भरते आणि टाकीही नीट भरत नाही. आणि नंतर कोणीतरी म्हणणार, चल भिया सराफा (आपला रात्रीचा खाण्याचा बाजार), तिथे बारा वाजता तळलेल्या कंदाचे गराडू, रबडी आणि इंदुरी शिकंजी, जी लिंबाची नसून घट्ट गोड दुधाची असते हे बाहेरच्या पाहुण्यांना सांगावं लागतं. म्हणजे साडेआठ ते बारा उपाशी आणि बारानंतर साखरेचा पूर. सोपं ते असं की आधी जेवून घ्या, खरं जेवण, वरण-भात, पोळी-भाजी, दही, आणि मग बसा किंवा बसतानाच ताट घेऊन बसा. चखणा म्हणून फुटाणे, उकडलेली अंडी, पनीर, काकडी-मुळा. मिसळायला साधा सोडा किंवा पाणी. एक पेग, एक ग्लास नुसतं पाणी असं आलटून पालटून. पिणाऱ्यांना हे ऐकून वाटतं मजाच गेली, जेवल्यावर चढत नाही म्हणे. अहो तेच तर हवंय.

2023 च्या एप्रिलपासून आपल्याकडे दारूच्या दुकानांना लागून असलेले, बसून प्यायचे अहाते बंद झाले, त्याचं बरं-वाईट मी बोलत नाही, पण तेव्हापासून काही मंडळी गाडीत बसून पितात हे मी बघते, काचा वर करून, सोबत नमकीनचं एक पाकीट. डायबिटीसवाल्यासाठी ह्याहून वाईट जागा नाही, जेवण नाही, बघणारं कोणी नाही, आणि नंतर तोच गाडी चालवत घरी. कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम आहे, पण मशीनमध्ये फुंकून शुगर दिसत नाही.

किती चालेल, हा प्रश्न सगळे विचारतात आणि आकडा मिळाला की तोच धरून बसतात. अमेरिकेतल्या डायबिटीस संघटनेचा सल्ला असा असायचा की पिणारच असाल तर बाईने दिवसाला एक ड्रिंक, पुरुषाने दोन, त्याच्यावर नाही. त्यांचं एक ड्रिंक 14 ग्रॅमचं, म्हणजे आपले दीड छोटे पेग. म्हणजे पुरुषाला जास्तीत जास्त तीनच्या आत छोटे, 'छोटे' ह्यावर बोट ठेवून वाचा. आणि हा कोटा साठत नाही, सोमवार ते शुक्रवार नाही घेतली म्हणून शनिवारी बारा ड्रिंक होत नाहीत. माझं स्वतःचं मत दोन छोटे, आणि तेही रोज नाही. ज्यांना पॅनक्रियाजला सूज येऊन गेलीये, ट्रायग्लिसराइड खूप वाढलेत, लिव्हर खराब आहे, पायांत मुंग्या-जळजळ आहे, डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झालाय, शुगर पडल्याचं कळत नाही, किंवा बाई गरोदर आहे, तिथे शून्य. फॅटी लिव्हर तर आजकाल निम्म्या सोनोग्राफीत लिहून येतं आणि कोणी मनावर घेत नाही, त्यांनीही आधी डॉक्टरांशी बोलावं. वजन हा वेगळाच विषय, अल्कोहोलच्या एका ग्रॅमला सात कॅलरी, तीन मोठे पेग म्हणजे चारशेच्या वर, चार-पाच फुलक्यांएवढ्या, आणि त्यासाठी इन्सुलिन वाढवायचं नसतं ते वर सांगितलंच.

झोपण्याआधी एकदा शुगर बघायची, 100 च्या खाली असेल तर दूध-पोळी काहीतरी खाऊनच आडवं व्हायचं. आणि रात्री तीनचा गजर. हा गजर प्यायलेल्याने लावून उपयोग नाही, तो बंद करून झोपतो, घरातल्या न प्यायलेल्याने लावायचा. एकटं राहणाऱ्याने त्या रात्री एकटं राहू नये, किंवा पिऊ नये. खिशात पाकिटात एक चिठ्ठी, मला डायबिटीस आहे, ही गोळी घेतो. ह्यांच्या पाकिटात मी ठेवलीये, आधारच्या मागे.

फेब्रुवारीत पुतण्याचं लग्न झालं. वरात राजवाड्याच्या जवळूनच होती, हे ढोलपुढे तासभर नाचले, गुडघे दुखतात म्हणणारा हाच तो माणूस. घरी आल्यावर गच्चीवर परत खुर्च्या लागल्या. ह्या वेळी ताटं आधी वर गेली, साडेआठला, गोळी डॉक्टरांनी सांगितली होती तशी, आणि मग दोन छोटे, सोड्यात. दीर म्हणाले वहिनी तुम्ही अगदी हेडमास्तर झालात. झाले तर झाले. तीनला गजर वाजला, मी लाइट न लावता मोबाइलच्या उजेडात बोट टोचलं. 118. ह्यांनी हात ओढून रजईत घेतला आणि चिडून म्हणाले, "झोपू दे ना आता."

ह्या वेळी झोपू दिलं.